पाकटाचं कातडं

४ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

लांबूनच वाकून नमस्कार. लांबून केलेल्या नमस्काराचा फायदा असा की तुम्हाला "राहू दे, राहू दे" म्हणत पाय मागे घेता येत नाहीत. आत्यालाही नमस्कार. आणि दुकानातल्या बाकावर बसलेल्या सगळ्या मंडळींनाही, कारण पाकीट फोडल्याबरोबर तुम्ही हे पत्र तिथेच मोठ्यानं वाचायला लागणार, हे मला ठाऊक आहे. तारमास्तर, बाबांच्या खांद्यावरून वाचू नका, नुसतं ऐका. मी मजेत आहे. जेवते, झोपते, आणि वजन वाढलंय. हे शेवटचं खास आत्यासाठी.

तुम्ही विचारलंत, "हल्ली नक्की करतेस तरी काय?" तर गेला आठवडाभर मी समुद्रात पाय घासत चालतेय. हसू नका. लहानपणी माझ्या बुटांच्या टाचा झिजलेल्या दिसल्या की तुम्ही ओरडायचात, "पाय उचलून टाक गं! तुझ्या एकटीसाठी दुकान उघडलंय का मी?" आता मला त्याच घासण्याचा पगार मिळतो. पाकटं उथळ पाण्यात वाळूत अंग पुरून बसतात. सपाट मासा, वर फक्त दोन डोळे, ते पण आपल्याला दिसत नाहीत. त्यांच्यावर पाय पडला की शेपटी उलटते आणि तिच्यावरचा काटा थेट घोट्यात घुसतो. मग माणूस जे ओरडतं ते तुमच्या दुकानापर्यंत ऐकू येईल. पण पाय घासत गेलं की वाळू हलते, त्यांना कळतं कुणीतरी येतंय, आणि ती आपणहून बाजूला होतात. भांडण नाही, तंटा नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या टाकीत एक थोराड मादी आहे. पसरली की छत्रीएवढी होते. तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो. खाणं द्यायला उशीर झाला की बाईसाहेब काठाशी येतात, पंख आपटतात आणि तोंडावर पाणी उडवतात. आमच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात आणि ज्यांच्यापुढे कुणी खुर्चीत नीट टेकतसुद्धा नाही, त्यांना परवा नखशिखांत भिजवलं. टाक्यांची देखभाल करणारे काका तोंड फिरवून हसले. मला तोंड फिरवायलाही वेळ मिळाला नाही.

तारमास्तरांचा प्रश्न होता की या माशाचा माणसाला उपयोग काय. मास्तर, पुष्कळ आहे. काट्यातल्या विषानं इतकं का दुखतं हे कळलं तर दुखणं थांबवायचं कसं हेही कळेल, म्हणून एक गट त्याच्या मागे आहे. दुसरा गट त्याचं पोहणं बघून पाण्याखाली फिरणारं यंत्र बनवतोय. पुलाच्या खांबांना तडा गेलाय का ते बघायला. ते यंत्र सध्या दर वेळी उलटं पडतं आणि पाठीवर झोपून राहतं. आणि माझ्या वाट्याला आलाय त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर.

ऐकायला घाण वाटतं, पण त्यात गंमत आहे. या माशांना सारख्या जखमा होतात. दगड लागतो, जाळी लागते, मोठे मासे चावतात. तरी त्या जखमा सहसा चिघळत नाहीत आणि भराभर भरतात. का, ते आम्हाला हवंय. बाईसाहेबांना उथळ टबात घ्यायचं, काट्यावर रबरी नळी चढवायची आणि मऊ स्पंज पाठीवरून फिरवायचा, तुम्ही नव्या कातड्यावर तेलाचा बोळा फिरवता तसा. मग काचेच्या ताटलीत कातडीच्या पेशींचा थर वाढवायचा, त्यावर बारीक ओरखडा काढायचा, त्यात हे स्पंजातलं घालायचं आणि ओरखडा कधी बुजतो ते पाहायचं.

बाबा, दुसऱ्या दिवशी ओरखडा दिसेना! शेजारच्या साध्या ताटलीत तो तसाच उघडा, आणि इथं काही नाही. मी जागच्या जागी नाचले. नेमकं मोठ्या मॅडमनी पाहिलं. "बसा," म्हणाल्या, "हे अजून खूप वेळा करायचंय." पण त्याही हसत होत्या.

सोबत तुमच्यासाठी एक भेट आहे. आमच्याकडचं एक पाकट म्हातारं होऊन गेलं, त्याचं कातडं काकांच्या ओळखीच्या माणसानं कमावून दिलं. त्यावरचे दाणे बघा. पूर्वी म्हणे तलवारीच्या मुठी यानं मढवायचे, म्हणजे हात सटकत नसे. तुमच्या हातात असा माल कधी आला नसेल, अशी माझी पैज.

आणि पायाच्या बोटाचं काय? आत्या म्हणाली, बूट चावला. तुमच्या हातचा बूट आणि तो तुम्हालाच चावतो? हे गिऱ्हाइकांना कळू देऊ नका.

तुमची,
आरी

(तारमास्तर, टोचून बोलते म्हणून हे नाव बाबांनीच ठेवलंय. ज्या हत्यारानं ते चामड्याला भोकं पाडतात, त्याचं.)


२६ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

नमस्कार, आत्याला आणि बाकालाही.

तुमचं पत्र मिळालं. पैज मी जिंकले, पण तुम्ही ती अशी कबूल केलीत की मला जिंकल्यासारखं वाटलंच नाही. "रापीची धार चालत नाही. दाणे काचेसारखे. पहिल्या दिवशी नुसताच हात फिरवत बसलो. याचं काय करायचं ते मी ठरवलंय, तुला मागाहून सांगेन." अहो, मागाहून कशाला? पाकीट करताय का आत्यासाठी? तिला सांगू नका मी सांगितलं म्हणून, पण तिला पाकिटापेक्षा चष्म्याचं घर हवंय.

इथली मोठी बातमी म्हणजे बाईसाहेबांना दिवस गेलेत. आम्हाला वाटत होतं खाणं जास्त होतंय. काका आधीपासून म्हणत होते, पण ते सगळ्याच माद्यांबद्दल तसं म्हणतात, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. पाकटं अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. पिल्लू बाहेर येतं ते गुंडाळलेल्या रुमालासारखं, आणि पाण्यात आल्यावर उलगडतं. काटा जन्मापासूनच असतो. पण त्यावर मऊ खोळ असते, आईला लागू नये म्हणून. हे मला पुस्तकात माहीत होतं, तरी काकांनी सांगितलं तेव्हा मी पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

मॅडमची एक गंमत सांगायची राहिली. दिवस गेलेत कळल्यापासून त्या टाकीजवळ हळू बोलतात. आम्हाला ओरडायचं असेल तर बाहेर अंगणात बोलावतात.

औषधाचं तुम्ही विचारलंत. काम चालू आहे. ताटल्यांची दुसरी फेरी झाली, तिसरी लावलीय. स्पंजातलं ताजं असताना एक वागतं, बाटलीत ठेवल्यावर दुसरंच. मॅडम म्हणतात घाई करू नका. तर बाबा, तुम्हीही करू नका. तुम्ही लिहिलंय की आख्ख्या गल्लीला सांगून झालंय, "माझी लेक जखमेवरचं औषध करतेय," आणि तारमास्तरांना त्यांच्या टाचेसाठी एक बाटली हवीय, आणि शेजारचे केशकर्तनवाले विचारतायत की वस्तऱ्याच्या कापण्यावर चालेल का. मी वाचून खूप हसले. आमच्याकडे सगळी मिळून एक शेल्फभर बाटल्या आहेत, आणि त्यांना फार घाण वास येतो. केशकर्तनवाल्यांचं गिऱ्हाईक परत यायचं नाही.

तुमच्या पत्रात एक ओळ मात्र सहज लिहिल्यासारखी होती. "डॉक्टर घाईचा माणूस आहे. त्याला सांगितलं, जरा थांबा, घरचंच औषध येतंय."

इथून पुढचं मोठ्यानं वाचू नका.

बाबा, डॉक्टर कशाची घाई करतायत? तुम्ही बोटाबद्दल एक शब्द लिहिला नाहीत. त्यांनी काय सांगितलं ते त्यांच्या शब्दांत मला कळवाल का? तुमच्या शब्दांत नको. तुमच्या शब्दांत सगळंच "किरकोळ" असतं. आई गेली तेव्हाही तुम्ही मला वसतिगृहात "जरा ये" एवढंच कळवलं होतंत.

आणि मला तुम्हाला त्या औषधाबद्दलही

असो. तिसरी फेरी होऊ दे, मग सविस्तर लिहीन. सध्या साखर सांभाळा, गोड मागू नका, आत्यानं लपवलेला डबा सापडला तरी सापडला नाही असं समजा. आता पुन्हा मोठ्यानं वाचा: बाकावरच्या सगळ्या मंडळींना माझा नमस्कार.

तुमची,
आरी


१४ मार्च

बाबा,

हे पत्र बाकावर वाचायचं नाही. दुकानात असाल तर आत्ता घडी करून खिशात घाला. मंडळींना सांगा, पोरीनं खर्चाचं काहीतरी लिहिलंय, म्हणजे कुणी विचारणार नाही. मागच्या खोलीत जा, पलंगावर बसा आणि उजव्या पायातला बूट काढा. मी थांबते.

काढलात?

काल आत्याचा फोन आला. तिच्यावर रागावू नका. ती फोनवर आधी हवापाणी बोलली, मग शेजाऱ्यांचं बोलली, आणि मग रडायला लागली. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा तिनं तुमचे बूट पुसायला घेतले. उजव्या बुटात हात घातला तर तिला वाटलं वाळू आहे. बाहेर काढून बघते तर आतली गादी पाकटाच्या कातड्याची, दाण्यांची बाजू वर, आणि दाण्यांमध्ये रक्त सुकलेलं.

तुम्ही तिला काय म्हणालात तेही तिनं सांगितलं. "अगं, त्या माशाच्या अंगातच गुण आहे. पोरीनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. बाटली येईल तेव्हा येईल, तोवर कातडं तरी लागू दे पायाला."

मी फोन ठेवला आणि बाईसाहेबांच्या टाकीच्या काठावर बसून रडले. काका आले, बघितलं आणि स्वतःचा डबा माझ्या शेजारी ठेवून निघून गेले.

बाबा, कमावलेल्या कातड्यात गुण राहत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत ना? चुन्यात मुरतं, मिठात मुरतं, काय काय सोसतं, आणि शेवटी जनावर निघून जातं, कातडं तेवढं राहतं. बुळबुळीत थर तर पहिल्याच धुण्यात गेला. राहिले ते दाणे, आणि ते पॉलिशच्या कागदासारखे खरखरीत. तुम्ही रोज दिवसभर त्यावर उभे होतात. साखरेनं तळव्याची जाणीव नेली म्हणून तुम्हाला कळलं नाही. दुसऱ्या कुणाच्या बुटात बारीकसा खडा असता तर तुम्ही दुकानात बसून रस्त्यावरच्या चालीवरून ओळखलं असतंत. स्वतःसाठी मात्र तुम्ही असा बूट केलात, दुखऱ्या जागी असा खळगा कोरलात, की लंगडणं कुणाला दिसलंच नाही. आत्याला नाही, तारमास्तरांना नाही. तुमच्या हातात इतकी कला नसती तर महिन्यापूर्वीच कुणीतरी तुम्हाला उचलून दवाखान्यात नेलं असतं. मला तुमचा इतका राग आलाय आणि इतकं प्रेमही, की दोन्हीचं काय करायचं ते समजत नाही.

चूक तुमची की मी उत्साहात लिहिलेल्या पत्राची, हे ठरवत बसायला आता वेळ नाही. म्हणून सरळ लिहिते.

औषध नाही, बाबा. बाटलीत ठेवलं की त्या थरातलं जे काही काम करतं ते मरतं. दुसऱ्या फेरीत ओरखडे तसेच राहिले, तिसऱ्या फेरीतही. पुढे कधी तरी जमेल, मला अजून वाटतं जमेल. पण माणसाच्या पायाला लावण्याजोगं होईतो कित्येक वर्षं जातील. मागच्या पत्रात मी जे वाक्य अर्धं सोडलं ते हेच होतं. मोठ्यानं नाही तरी तुम्ही ते बाकावर बसूनच वाचणार होतात, आणि "माझी लेक" म्हणताना तुमचा आवाज कसा होतो ते मला माहीत आहे. मला त्या आवाजाला धक्का लावायचा नव्हता.

अजून एक सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी नुसती हुशारी शिकवतेय. फोनवरून उठल्यावर मी शीतकपाटातली एक बाटली पिशवीत घातली होती. ताज्या थराची. म्हटलं, कोण बघतंय, बाबांना नेऊन देऊ, लागली तर लागली. फाटकापर्यंत गेले. मग आठवलं की त्या थरात समुद्रातले जंतूही असतात आणि तुमचा पाय म्हणजे काचेची ताटली नव्हे. परत येऊन बाटली जागेवर ठेवली. तेव्हा बाबा, तुम्ही केलंत तेच मी करणार होते. आपण दोघं एकाच कलबुतावर, एकाच लाकडी पावलावर ठोकलेले.

डॉक्टरांशी मी आज सकाळी बोलले. घाईचा माणूस नाही तो, चांगला माणूस आहे. तुम्ही त्यांना तीनदा परत पाठवलंत तरी त्यांनी तुमची चौकशी सोडली नाही. बोटं काळी पडून मेली आहेत. ती परत येणार नाहीत. पावलाचा पुढचा अर्धा भाग आत्ता काढला तर टाच राहते, घोटा राहतो, स्वतःच्या पायावर उभं राहता येतं. अजून थांबलात तर गुडघ्याखालून काढावा लागेल. आणि त्याहून थांबलात तर मला वडील राहणार नाहीत. हे मऊ करून लिहायला मला जमत नाही आणि जमलं असतं तरी मी लिहिलं नसतं.

पाय कापून घ्या, बाबा. माझ्यासाठी घ्या. सोमवारची वेळ मी ठरवलीय.

तुम्ही आत्याला म्हणालात, "अर्ध्या पायाच्या माणसाकडून बूट कोण करून घेईल?" हे ऐकून मला पहिल्यांदा तुमची खरी भीती कळली. मला वाटत होतं तुम्ही सुरीला घाबरता. तुम्हाला माळीकाका आठवतात? बागेतला लोखंडी रूळ पायावरून गेला होता, त्यांना घरच्यांनी धरून आणलं होतं. मी तेव्हा बाकाखाली बसून चामड्याचे तुकडे गोळा करत होते. ते सारखं म्हणत होते, "आता कसला बूट? पायच नाही राहिला पुरता." आणि तुम्ही त्यांना कागदावर उभं केलंत, पेन्सिल फिरवलीत, आणि म्हणालात, "पाय कसा असावा हे ठरवणारा मी कोण? बूट कसा असावा ते मी ठरवणार." ते काका पुढे शिडीवर चढून फांद्या छाटायचे. बायको खालून शिव्या द्यायची, आठवतं? त्यांना जे सांगितलंत ते मला आता तुमच्याच तोंडून ऐकायचंय, तुमच्या स्वतःबद्दल.

मॅडमनी मला रजा दिलीय. मागितली नव्हती, त्यांनीच दिली. अंगणात बोलावलं तेव्हा मला वाटलं ओरडणार. त्या म्हणाल्या, "ताटल्या मी बघते. तुम्ही घरी जा." त्यांचे वडीलही साखरेनंच गेले, हे मला आत्ता कळलं.

शनिवारी पोचते. येताना मोठा जाड कागद आणते. तुम्ही इतक्या लोकांच्या पावलांचे आकार काढून ठेवलेत, भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले सगळे, पण त्यात तुमचा नाही. मी लहानपणी शोधला होता. सोमवारी निघायच्या आधी तुम्ही कागदावर उभे राहा, पेन्सिल मी फिरवीन. दोन्ही पावलं, जशी आहेत तशी.

शनिवारी दार तुम्हीच उघडा. बूट न घालता. पाय घासत आलात तरी चालेल, या खेपेला टाचांवरून बोलणार नाही.

तुमचीच,
आरी


२ ऑगस्ट

प्रिय बाबा,

लांबूनच वाकून नमस्कार. आत्याला नमस्कार, आणि बाकावरच्या मंडळींना फार दिवसांनी मनापासून नमस्कार. हे पत्र मोठ्यानं वाचायला परवानगी आहे. नव्हे, मोठ्यानंच वाचायचं. कारण खाली कळेल.

बुटाचा फोटो मिळाला. आधी मी नीट बघितलाच नाही, आत्याचा अंगठा अर्ध्या फोटोवर आहे. मग बघितला आणि सगळ्या प्रयोगशाळेला दाखवला. डावा बूट साधा, नेहमीचा तुमचा. उजव्याचा पुढचा भाग, जिथे आतमध्ये बोटं नाहीत, नुसती तुम्ही बसवलेली भर आहे, तिथे बाहेरून पाकटाचं कातडं! दाणे घासून, पॉलिश करून असे चमकवलेत की मोठ्या मॅडमनी चष्मा काढून जवळून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "माझ्या बाबांनी." तेव्हा माझाही आवाज तसाच झाला, बाबा. काका म्हणाले, आता या माशाचा खरा उपयोग कळला.

तुम्ही खाली लिहिलंय, "आतून मऊ मेंढीचं घातलंय, काळजी नसावी." काळजी असणारच. रोज आत हात घालून बघा, आत्यालाही घालू द्या.

सोमवारची ती सकाळ मला इथे कामात मध्येच आठवते. मागच्या खोलीत तुम्ही भिंतीला धरून कागदावर उभे होतात आणि मी खाली बसून पेन्सिल फिरवत होते. तुम्ही वरून म्हणालात, "पेन्सिल सरळ धर गं. तिरकी धरलीस की पाय लहान येतो, मग बूट चावतो." त्या दिवशीही तुम्ही बुटाचंच बोललात. बोटांपाशी आल्यावर मी थांबले तर म्हणालात, "तीही काढ. जाणार असली तरी अजून आहेत ना?" मग मी एकेक बोट काढलं. तो कागद आणि तुम्ही आता पाठवलेला नवा, टाचेचा आणि अर्ध्या पावलाचा, दोन्ही मी सूक्ष्मदर्शकाच्या वर भिंतीला लावलेत. साफसफाईच्या मावशी विचारतात, हे कुठलं बेट?

बाईसाहेबांना चार पिल्लं झाली. तीन उलगडली आणि पळाली. चौथं बराच वेळ गुंडाळलेलंच राहिलं. काकांनी पाण्यात हात घालून त्याच्याशी बोलून बोलून त्याला उलगडायला लावलं, असं त्यांचं म्हणणं आहे. आता तेच सगळ्यांत द्वाड आहे. मॅडमना भिजवायला शिकलंय.

आता तारमास्तर, नीट ऐका. आणि केशकर्तनवाले काका, तुम्हीही, वस्तरा खाली ठेवून. बाबांच्या लेकीकडे जखमेवरचं औषध नाही. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही. तिच्याकडे ताटल्या आहेत, एक रागीट मासा आहे आणि घाण वासाच्या बाटल्या आहेत. तेव्हा मास्तर, तुमची ती टाच घेऊन आजच्या आज डॉक्टरांकडे जा. उद्या नाही. बाबा, हे वाचून झालं की मास्तरांच्या हातात काठी द्या आणि दुकान आत्याला बघायला सांगून त्यांच्याबरोबर जा. नवा बूट चालवून बघायला तेवढं अंतर बरं आहे.

एक गोष्ट राहिली. ऑपरेशन झाल्यावर तुम्ही अर्धवट शुद्धीत होतात, तुम्हाला आठवत नसेल. मला वाटलं पायाबद्दल विचाराल. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "आरी, मला नाही मिळालं ते असू दे. पुढच्याला तरी मिळेल ना गं?" मी "झोपा आता" म्हटलं. उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

तर आता देते. मला माहीत नाही, बाबा. बाटलीत नक्की काय मरतं ते शोधायला मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून काम लावून दिलंय. आता मी नाचत नाही, ताटली दहादा बघते. घाईत काही लिहिणार नाही आणि लपवून काही ठेवणार नाही. मिळेल की नाही ते सांगता येत नाही. पण रोज सकाळी मी खुर्चीवर बसते तेव्हा आधी भिंतीवरचे ते दोन कागद बघते आणि मग ताटली.

आता बाकावरच्या मंडळींनी जरा तिकडे बघावं, म्हणजे बाबांना पाय मागे घ्यावेसे वाटणार नाहीत.

दोन्ही पावलांना, पुऱ्याला आणि उरलेल्याला, सारखाच नमस्कार.

तुमची,
आरी